जून पानाचं बारसं

अबुधाबी, १२ जानेवारी २०२५

ती. स्व. अनुराधाआत्यास,
शुभ्राचा शि. सा. न. वि. वि.

सुट्टीहून परतलेल्या दौलतच्या हाती पाठवलेली कुळथाची पिठी पोचली. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून तू पत्रं लिहायला लावतेस, पण आता मलाच त्याची चटक लागली आहे.

वाळवंटात कसली बुरशी शोधतेस, असं विचारलंस. अगं, इथल्या खाडीच्या चिखलातही आपल्यासारखीच तिवराची झाडं आहेत. त्यांच्या ठणठणीत पानांच्या आत बुरशी राहते. झाडाला त्रास नाही, बाहेरून पत्ता नाही. पान आम्ही स्पिरिट आणि ब्लीचमध्ये बुडवतो, म्हणजे वरचं सगळं मरतं. मग तुकडे करून काचेच्या बशीत ठेवायचे. कापलेल्या कडेतून जे उगवतं ते आतलं. ऑक्टोबरात माझ्या सोबतच्या उमैमाने आणलेल्या एका पानातून राखाडी बुरशी निघाली आणि तिची जनुकं आजवर नोंदलेल्या कुठल्याच बुरशीशी जुळेनात. मी लॅबमध्ये नाचले.

पण आमचे जहूरसर म्हणतात, एकदाच निघाली, ती हवेतून पडली नसेल कशावरून? झाडातून पुन्हा काढून दाखव, तर नवी जात. तेव्हापासून मी स्वतः जाऊन पानं आणते आहे आणि बशा कोऱ्याच्या कोऱ्या. मार्चअखेर माझा करार संपतो. ही जात सिद्ध झाली तर तो वाढेल, नाहीतर खलास, व्हिसा रद्द आणि मी घरी. आत्या, मला फार भीती वाटते गं.

काकांना नमस्कार. माया आहेच, पत्रातूनही पाठवत राहा.

तुझी,
शुभ्रा

---

आचरे, २८ जानेवारी २०२५

चि. शुभ्रास,
अ. उ. आ.

लोणच्यावर बुरशी आली की आम्ही बरणी पालथी करतो, तुम्ही नाचता. असो, ज्याची त्याची आवड. तुझा बाबा म्हणत होता की पोरगी परत आली तर स्थळं बघायला घेऊ. मी त्याला सांगितलं, आधी बशीत काय येतं ते बघू, मग बोहल्याचं.

रडत बसू नकोस. तुझ्याइतकं निवडून काम करणारं कुणी मी पाहिलं नाही. गणपतीची पत्री काढायला मी तुलाच पाठवायची. बाकीची पोरं ओरबाडून आणायची, तू मात्र कोवळी, निर्मळ पानं. एक जून पान नाही, एक डाग नाही. अशा हाताला यश येणार नाही तर कुणाच्या?

हे बरे आहेत, गुडघा तेवढा कुरकुरतो. आमची आठवण असू दे, जेवण वेळेवर असू दे.

तुझी,
आत्या

---

अबुधाबी, २३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मी तिवरावरसुद्धा पत्रीच काढत होते! शेंड्याची, कोवळी, निर्मळ. ही बुरशी बाहेरून हळूहळू पानात शिरते. कोवळ्या पानात तिला वस्तीला यायला वेळच मिळालेला नसतो. हे सगळं पुस्तकात वाचलेलं, दुसऱ्यांना शिकवलेलं, पण हात तुझ्या वळणाचा. उमैमाला सांगितलं तर ती पोट धरून हसली आणि यल्ला, म्हणजे चल चल, म्हणत मला ओहोटीच्या चिखलात घेऊन गेली. या खेपेला आम्ही खालची, जाडजूड, जून पानं तोडली.

आणि निघाली आत्या! तीच राखाडी, वेगवेगळ्या झाडांच्या पानांतून. धुतलेलं पान न कापता नुसतं टेकवलेल्या बशीत काहीच नाही, म्हणजे ती आतलीच. जहूरसर मायक्रोस्कोपवरून उठेनात. उठले ते थेट माझ्यासाठी चहा करायला गेले. करार वाढेल, इन्शाल्ला, असं म्हणाले.

आता नाव ठेवायचं. तो मान शोधणाऱ्याचा, पण आपल्यात तो आत्याचा. तुझंच नाव देऊ? लोभ आहे, आता थोडा हट्टही चालवून घे.

तुझी,
शुभ्रा

---

आचरे, १० मार्च २०२५

चि. शुभ्रास,
अ. उ. आ.

पत्र वाचून देवापुढे साखर ठेवली. तुझ्या चुकीचं खापर माझ्या पत्रीवर फोडलंस, तेही गोड मानून घेतलं.

माझं नाव मात्र नको. बुरशीला अनुराधा म्हणालात तर वाडीतल्या बायका मला जन्मभर चिडवतील. पण माझ्याकडे एक नाव शिल्लक आहे. तुम्हा सगळ्या भाचरांची नावं मीच ठेवली, तुझ्या कानात कुर्र मीच केलं. लग्नानंतर ह्यांनी आणि मी आमच्या मुलीसाठीही एक नाव ठरवून ठेवलं होतं. ईरा. मुलगी झालीच नाही. इतकी वर्षं त्या नावाने कुणाला हाक मारली नाही, दुसऱ्या कुणाला द्यायलाही मन झालं नाही. ह्यांना विचारलं. म्हणाले, दे.

तुमच्या शास्त्रात बसत नसेल तर सोडून दे, मी रागावणार नाही. तब्येतीला जप आणि आम्हांला विसरू नकोस.

तुझी,
आत्या

---

अबुधाबी, ६ एप्रिल २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

करार दोन वर्षांनी वाढला. बाबाला सांग, स्थळांना घाई नाही. निबंध परवा पाठवला. छापून येईपर्यंत नाव वाडीत फोडू नकोस. लॅटिनच्या रीतीने त्याला एक शेपूट लागतं, पण पुढे नाव तेच, तू दिलेलं. बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, तेवढे माझ्याकडे उधार.

तुझं पत्र मी काकांच्या त्या ‘दे’पाशी येऊन पुन्हा पुन्हा वाचलं आणि खूप रडले. मग लॅबमध्ये जाऊन तिच्या बशीवर देवनागरीत मोठ्या अक्षरांत ईरा लिहिलं. उमैमाला ती अक्षरं वाचता येईनात. वाचून दाखवलं तर विचारू लागली, ही ईरा कोण?

मी सांगितलं, माझी आतेबहीण.

काकांना नमस्कार. आता तिकडून माया पाठवशील ती आम्हां दोघींच्या वाट्याची पाठव.

तुझी,
शुभ्रा