फुलं सरांची, पानं माझी

१ सप्टेंबर १९९७, सोमवार

तीनशे बारा! आज मोजलीच. सकाळी दहापासून तीनशे बारा पानं काढली मी. आणि फूल? एकसुद्धा नाही!

आमच्या स्टुडिओचा कायदाच तसा आहे. साडीवर छापायचं डिझाइन आधी कागदावर रंगवायचं असतं—त्यातली फुलं चंद्रकांत सरांची, पानं माझी. सर मधल्या टेबलावर गुलाब काढतात, मग कागद माझ्याकडे सरकतो आणि मी गुलाबाभोवती पाला लावत बसते. दोन वर्षं! शेळीनंही एवढा पाला बघितला नसेल.

विचारलं की सर म्हणतात, "आधी पान. पानाला घाई नसते." अहो, पानाला नसेल, मला आहे ना!

लिहूनच ठेवते, म्हणजे नंतर पळता येणार नाही. या लगनसराच्या, म्हणजे लग्नाच्या हंगामातल्या, साड्यांवर एक फूल माझं हवं. पूर्ण माझं, पाकळीपासून देठापर्यंत. रस्त्यात कुणा बाईच्या पदरावर ते दिसावं आणि मी वेड्यासारखी तिच्या मागं चालत सुटावं. बस, एवढंच.

३ सप्टेंबर, बुधवार

काय दिवस! काय दिवस!

किरीटभाई—आमचे शेठ—मुंबईहून आले आणि टेबलावर एक खोका आपटला. आत बारा ट्यूबा. दंतमंजनाच्या असतात तशा, पण रंगाच्या! अ‍ॅक्रिलिक म्हणतात त्याला. पोस्टर कलरसारखा पाण्यात कालवायचा, पण एकदा वाळला की पाण्याला भीक घालत नाही म्हणे. मी झाकण उघडून वास घेतला. ललितनं पण घेतला. (ललित ट्रेसिंग करतो—डिझाइनमधल्या प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म—आणि दिवसभर माझी टिंगल करतो.)

सरांनी खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला नको. माझ्या बाटल्या बऱ्या आहेत."

सरांच्या बाटल्या म्हणजे देव! लाकडी घडवंचीवर सोळा पोस्टर कलरच्या बाटल्या, ओळीनं. पांढरा पहिला, काळा शेवटचा, मरून सातवा, बॉटल ग्रीन बारावा. लेबलं केव्हाच झिजून गेली. कुणी हात लावायचा नाही. सर मान वर न करता हात लांब करतात आणि बरोबर बाटली उचलतात. बघतसुद्धा नाहीत! मला ते बघायला फार आवडतं.

तर सर नाही म्हणाले आणि किरीटभाई माझ्याकडे वळले. "तो पछी योगिता, तू ट्राय कर ने!"

मी! मी!! घरी येताना रिक्षात एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं पर्स जवळ ओढून घेतली.

४ सप्टेंबर, गुरुवार

फजिती. लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते.

एक—ब्रशचं टोक ओठांनी चाटून बारीक करायची आम्हा सगळ्यांना सवय. चाटलं. शी! रबर खाल्ल्यासारखं! दिवसभर जिभेवर तेच.

दोन—पाकळी वाकडी गेली. नेहमीसारखा ओला ब्रश फिरवला पुसायला. जाते कशाला! पोस्टर कलर पाण्यानं निघतो, ही बया तिथंच बसून राहिली. घासली, घासली, कागद फाटला.

तीन—चहाला गेले, ब्रश तसाच. येऊन बघते तर दगड! ललित म्हणाला, "बेन, टाकू नकोस. कान कोरायला होईल."

उद्या परत.

६ सप्टेंबर, शनिवार

आईनं माझी बोटं बघितली. पिवळीजर्द. "काय व योगिता, हळद लागी गई का तुले? आमले सांगं तरी!" दादा जेवता जेवता इतके हसले की ठसका लागला. मी म्हटलं, हो, लागली, ट्यूबेशी! आई अजून हसतेय आत.

९ सप्टेंबर, मंगळवार

सर माझी परीक्षा घ्यायला लागलेत! रोज सकाळी. ट्यूब उचलतात, माझ्यापुढे धरतात—"सांग, हा कुठला?"

"राणी, सर."

"आणि हा?"

"मेंदी."

"या वाटीत काय कालवलंयस?"

"मरून, सर, त्यात चिमूटभर काळा."

"बरोबर." बस, एवढंच. पण दहापैकी दहा! दोन वर्षांत सरांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. आता विचारताहेत म्हणजे मनात काहीतरी आहे. नक्की आहे.

संध्याकाळी खालच्या भाजीवाल्याकडे पण म्हणाले, "टोमॅटो तू निवड गं. लाल लाल बघ. तुझी रंगाची नजर चांगली आहे." सरांच्या बायको, रजनीकाकू, त्यांच्यासाठी अर्धा किलो टोमॅटो निवडले मी, एकेक तपासून. शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही एवढी फुगले नव्हते!

१५ सप्टेंबर, सोमवार

देवा! सापडलं! घाईत लिहितेय, अक्षर बघ कसं आलंय.

झालं असं—अ‍ॅक्रिलिकचं एक बिघडलेलं फूल पडून होतं. कंटाळा आला म्हणून त्यावर पोस्टर कलरनं निळं केलं. घाणेरडं दिसलं. ओला फडका घेतला, पुसलं—आणि निळं गेलं, पण खालचं फूल जसंच्या तसं! एक रेघ हलली नाही. परत केलं. केशरी. पुसलं. परत तसंच!

म्हणजे काय कळलं का? मॅचिंग! एकेक डिझाइन सहा-सहा रंगांत दाखवावं लागतं, आणि त्यासाठी आम्ही तेच डिझाइन सहा वेळा पहिल्यापासून रंगवतो. माझी अर्धी पानं त्यातच जातात. आता अ‍ॅक्रिलिकच्या रेघांनी एकदाच काढायचं. वर पोस्टर कलर भरायचा, शेठना दाखवायचं, पसंत पडलं की पट्टीवर रंगांचे ठिपके घेऊन ठेवायचे, आणि पुसायचं. पुढचं मॅचिंग!

मी खुर्चीवर चढले. खरंच चढले. ललित म्हणाला, "उतर, पंखा लागेल," आणि मग स्वतःच फडका घेऊन चार वेळा पुसून बघितलं. किरीटभाई म्हणाले, "आ तो जादू छे!"

सर उठून आले. कागदावर बोट फिरवलं, बराच वेळ. म्हणाले, "चांगलं आहे, पोरी. फार चांगलं आहे." मग हसून, "आता मला निवृत्तच करणार तुम्ही." आम्ही सगळे हसलो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष चालू. किरीटभाई श्राद्धाच्या दिवसांत नवीन काम कुणाला दाखवत नाहीत. पण ठरलंय—दसरा झाला की सोमवारी मार्केटमधली, साड्या छापून घेणारी मोठी पार्टी येणार. दोन डिझाइनं पुढे ठेवायची. एक सरांचा गुलाब. एक माझं फूल. पार्टी एकच घेणार. लगनसरासाठी.

माझं! सरांच्या शेजारी!

भीती वाटतेय. आणि तरी जेवण दुप्पट जातंय. कसं काय?

२९ सप्टेंबर, सोमवार

जास्वंद. जास्वंदच काढणार. या रंगाचं एक बरं आहे, एकावर एक कितीही हात द्या, खालचा हलत नाही. पाचव्या हाताला पाकळी अशी काही फुलली की मीच म्हटलं, अगं बाई! ललितनं रंग मोजले. आठ. एका रंगाला छपाईचा एक स्क्रीन, आठच्या वर परवडत नाहीत. "पास," म्हणाला. पहिल्यांदाच टिंगल केली नाही. तब्येत बरी नसेल त्याची.

५ ऑक्टोबर, रविवार

गरबा! पाय कामातून गेले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या दसरा. स्टुडिओत ब्रशांची आणि रंगांची पूजा असते. आज साफसफाई. सरांचं डोकं दुखत होतं, दुपारीच घरी गेले. मग काय, मी पदर खोचला! फरशी घासली, वाट्या घासल्या, खिडकीच्या काचा पुसल्या. आणि सरांची घडवंची! बाटल्या धुऊन काढल्या, झाकणांवरचे रंगांचे पोपडे खरवडले. मग म्हटलं, पूजेला छान दिसायला पाहिजे. पांढऱ्यातून पिवळा, पिवळ्यातून केशरी, मग गुलाबी, राणी, लाल, मरून... अशा लावल्या की रांगोळी झक मारेल!

सर उद्या बघतील तेव्हा!

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

पूजा झाली. झेंडूचे हार, प्रत्येक बाटलीला कुंकू. किरीटभाईंनी फाफडा-जिलेबी आणली. मी आपट्याची पानं घेऊन गेले होते, सगळ्यांना सोनं दिलं. ललित म्हणाला, "आज पण पानंच!" मेला.

सर घडवंचीपुढे बराच वेळ उभे होते. हात जोडलेले.

"तू लावलंस?"

"हो सर! छान दिसतंय ना?"

"छान दिसतंय," म्हणाले. जिलेबी नाही खाल्ली. त्यांना साखर आहे, मी विसरलेच होते.

आज ब्रशला हात लावायचा नसतो. सोमवारी सकाळी सर गुलाब काढणार, दुपारी पार्टी. माझी जास्वंद तयार आहे. मी पण तयार आहे. नाही, नाहीये!

१३ ऑक्टोबर, सोमवार

सर आज सगळ्यांच्या आधी आले होते. माझी रांगोळी मोडून बाटल्या परत आपापल्या जागी लावल्या होत्या. बरं, त्यांची शिस्त! एवढं काही वाईट वाटलं नाही. (वाटलं थोडं.)

आणि मग गुलाब!

आम्ही तिघं बघतच राहिलो. पाकळ्या बॉटल ग्रीन! आणि पानं—मरून! हिरवा गुलाब, लाल पानं! सर एकटक काढत होते. रेघ तीच, सरांची, केसासारखी. पण रंग! ललितनं टाळी वाजवली, "वाह सर! नवीन नको, नवीन नको म्हणता म्हणता तुम्हीच पुढे!" किरीटभाई म्हणाले, "सर, आ तो कोईए कर्युं नथी!" कुणीच केलं नाही म्हणे असं.  सर ब्रश खाली ठेवून ललितकडे बघत राहिले.

मला कळलं. सर मला हरवायला उतरलेत! इतकी वर्षं मरून गुलाब काढणारा माणूस, माझी जास्वंद बघून एकदम हिरवा गुलाब काढतो! राग पण आला आणि अभिमान पण. माझ्यासाठी काढला ना त्यांनी?

पार्टीनं दोन्ही बघितली. जास्वंदीवर बोट ठेवलं, म्हणाली, "अच्छा है." गुलाबावर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

हिरवा गुलाब पसंत. सहा मॅचिंग, शुक्रवारपर्यंत.

रिक्षात रडले. मग भेस्तानला घरी पोचायच्या आत डोळे पुसले, आईला कशाला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तोंड फुगवून कामाला गेले. ललितनं समोसा दिला, खाल्ला, तोंड परत फुगवलं. किरीटभाई म्हणाले मॅचिंग माझ्या पद्धतीनं करायची, म्हणजे रंग माझे, पद्धत माझी, आणि फूल? सरांचं! पानं कुणी भरायची हे विचारायला नकोच.

 सरांनी सकाळची परीक्षा पण घेतली नाही.

जाऊ दे. लगनसरा दरवर्षी येतो. पण चिडलेय मी. जाम चिडलेय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ललित जेवायला खाली गेला होता. सर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. पुढ्यात तो गुलाब ठेवला. म्हणाले, "योगिता, सांग. हा कुठला?"

मला वाटलं, परीक्षा. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग घडवंचीकडे. सातव्या जागेवर बॉटल ग्रीन होता. बाराव्या जागेवर मरून.

म्हणजे सकाळच्या त्या परीक्षा. ते टोमॅटो. सर रंग नाही, जागा ओळखत होते. आणि मी बाटल्या हलवल्या!

मी खरं सांगितलं. "हिरवा, सर." मला रडू आवरेना. "सर, मी—मला माहीत नव्हतं—"

"गप. पार्टीला आवडला ना?" डोक्यावर टप्पल मारली. "उद्यापासून फुलं तू काढ. मी पानं भरीन. बाटली तेवढी तू हातात देत जा."