कोठीतलं पातेलं

आई,

आण्णांच्या घरातल्या सामानाची यादी परवा पुरी झाली. तुला सांगायला हवं, कारण त्यातलं निम्मं सामान तुझं आहे आणि तू मात्र कुठल्याच कागदावर नाहीस. आण्णा मागच्या वर्षी गेले. जाताना घर माझ्या नावानं लिहून मृत्युपत्र ठेवून गेले, आणि धाकट्या काकांनी त्याला हरकत घेतली. काकांना तू ओळखतेस, आपल्या ताटात वाढलेलं सोडून दुसऱ्याच्या ताटात बघणारा माणूस. वकील म्हणाले, आता प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवून घ्यायला, कोर्टात अर्ज करावा लागेल आणि त्याला घरातल्या एकूणएक वस्तूची यादी जोडावी लागेल, किमतीसकट. एकूणएक म्हणजे काय, मी विचारलं. "चमच्यापासून कपाटापर्यंत," ते म्हणाले. म्हणून मी कागलहून आठ दिवसांची रजा टाकून इथं कळंब्याला येऊन राहिले आहे. तुझ्याच स्वयंपाकघरात चहा करते. गॅस नवा आहे, बाकी ओटा तोच, कोपऱ्यातली फुटकी फरशीही तीच.

किंमत ठरवायला वकिलांनी एक माणूस पाठवला. साठीचा, जुनं सामान घेण्या-विकण्याचा धंदा, खिशात दोन पेनं आणि पिशवीत ताणकाटा. दारात चपला काढत म्हणाला, "ताई, आधी च्या ठेवा, मग घर दाखवा." दोन दिवसांत त्यानं घर उलथंपालथं केलं. आण्णांची सायकल भंगारात धरली, टीव्हीही भंगारात, तुझं शिलाई मशीन मात्र "चालू हाय की" म्हणून मानानं वरच्या ओळीत. तू शिवलेली वाकळ त्यानं उलगडली, दोन्ही बाजूंनी बघितली, टाक्यांवरनं हात फिरवला आणि परत नीट घडी घातली. "ह्येला भाव न्हाय ताई," म्हणाला. मला असा राग आला म्हणून सांगू! तो ओळखून म्हणाला, "इकायला न्हेली तर कोण घेत न्हाय, म्हणून म्हंतो. शून्य लिवलं की त्येच्यावरनं कोण भांडत बी न्हाय. तुमच्याकडंच ऱ्हाईल." तेवढ्यावर मी त्याला दुसरा चहा दिला.

भांड्यांचं त्याचं शास्त्र वेगळं होतं. वजन नंतर, आधी नाव. भांडं विकत घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायचं, कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाच्या निमित्तानं, हे तुमच्या वेळचं. तो एकेक भांडं उजेडाकडं धरायचा, काठावरची टिंबाटिंबांची अक्षरं मोठ्यानं वाचायचा आणि मगच काट्याला लावायचा. तुझ्या डोहाळजेवणातलं ताट, माझ्या बारशाची वाटी, आण्णांच्या बढतीला ऑफिसनं दिलेलं पिंप, सगळी वाचून झाली. मी म्हटलं, "नावाचं काय एवढं? पितळ ते पितळ." तर म्हणाला, "आसं कसं? दुसऱ्याचं नाव असंल तर ते मयताचं न्हवं. मी यादीत धरत न्हाय. ज्याचं त्येला पोचतं करायचं आणि पोच घ्यायची. नायतर तुमच्या काकाचा वकील भर कोर्टात इचारतोय, ह्ये कुणाचं?" नंतर त्यानं मान वर करून माळ्याकडं बघितलं. "ती पत्र्याची कोठी बी खाली घ्या." ती गळकी आहे, वर्षानुवर्षं कुणी उघडलेली नाही, राहू दे, असं मी म्हणून बघितलं. "गळकी असली तरी पत्रा हाय," तो म्हणाला. "लिवायला पायजे."

आई, त्या कोठीत काय आहे हे मला माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं.

आजऱ्याहून आत्याला बघायला पाहुणे यायचे आहेत. मी अकरा वर्षांची आहे. तू सकाळपासून मसाला भाजते आहेस, खोबऱ्याच्या वासानं डोळे चुरचुरताहेत, आणि एवढ्या माणसांचा रस्सा मावेल असं भांडं आपल्याकडं नाही. तू मला शेजारच्या मावशींकडं धाडतेस. मावशी ते पितळी पातेलं पदरानं पुसून माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "जपून गं. भावाचं हाय." त्यांच्या लग्नात भावानं दिलेलं, काठावर त्याचं नाव. तो भाऊ नंतर तापानं गेला, वय पंचविसाच्या आत. ते पातेलं त्या कुणाला देत नसत, तुला दिलं. पाहुण्यांचं जेवण झणझणीत झालं, आत्याचं जमलं. दुसऱ्या दिवशी तू ब्लाउज पोचवायला निघालीस आणि जाताना मला सांगून गेलीस, त्यात पाणी तापव, तेलकटपणा जाईल, मग चिंचेनं घास आणि देऊन ये. मी पातेलं स्टोव्हवर ठेवलं, स्टोव्ह पेटवला आणि मग पाणी आणायला नळावर गेले. नळावर मैत्रिणी होत्या. परत आले तेव्हा आतली कल्हई वितळून तिचे थेंब झाले होते, पितळ लालकाळं पडलं होतं आणि घरभर करपट वास.

मार बसेल म्हणून मी घाबरले नाही, तू कधी मारलंच नाहीस. भीती तुझ्या बोलण्याची होती. त्याच्या आदल्या वर्षी मी वर्गातल्या मुलीची पेन्सिल चुकून घरी आणली, तर तू भर दुपारी मला तिच्या घरापर्यंत चालवत नेलंस. "दुसऱ्याचं काय बी घरात ऱ्हायलं तर मला घास गिळत न्हाय," म्हणालीस वाटेत, एवढंच, पण घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. पेन्सिलीला एवढं, तर मावशींच्या मेलेल्या भावाच्या पातेल्याला किती? मी ते पोत्यात गुंडाळलं, माळ्यावर चढले आणि गळक्या कोठीत घालून झाकण लावलं. तू आल्यावर विचारलंस, "दिलंस?" मी म्हणाले, "दिलं. मावशी घरात न्हवत्या, बाहेरच्या ओट्यावर ठेवलं."

आठ दिवसांनी मावशींनी नळावर तुला पातेलं विचारलं. तू म्हणालीस दिलं, त्या म्हणाल्या न्हाय, आणि बघता बघता दोघींचे आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचले. तू घरी येऊन, चुकून वर राहिलंय का बघायला, मलाच माळ्यावर चढवलंस. तुला दम लागायचा, शिडी झेपायची नाही, म्हणून वरचं काय असेल ते माझ्याकडं होतं. मी वर जाऊन कोठीला टेकून थोडा वेळ बसले. खाली येऊन सांगितलं, न्हाय. तू तशीच बाहेर गेलीस आणि सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "माझी पोरगी खोटं बोलत न्हाय. देवीच्या दारात बी मी ह्येच सांगीन." मावशी म्हणाल्या, "भावाचं भांडं घशात घातलंस की गं." तू कळशी उचललीस आणि आत आलीस. त्यानंतर तुमच्यात मधली एक भिंत होती आणि एक शब्द नव्हता. मावशी ब्लाउज शिवायला दुसरीकडं जायला लागल्या. सणाला पोळ्या झाल्या की तू सवयीनं एक ताट जास्त काढायचीस, थांबायचीस आणि परत फळीवर ठेवायचीस. मी ते दर सणाला बघितलं.

तू गेलीस तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. लहान नव्हते. तुला बाहेर आणेपर्यंत मावशी फाटकापाशी उन्हात उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. मी त्यांना बघितलं, त्यांनी मला बघितलं. तेव्हा चार पावलं चालून गेले असते तर निदान त्यांनी तुझ्या पायाला हात तरी लावला असता. नाही गेले. त्याची मला आजही लाज वाटते, आणि हे तुला सोडून कुणाला सांगता येत नाही.

तर पाच दिवसांपूर्वी मी कोठी खाली घेतली. पोतं कुजून हातात आलं. त्या माणसानं पातेलं उजेडाकडं धरलं, नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "ह्ये कोण?"

"शेजारच्या मावशींचा भाऊ."

"मावशी जित्या हाईत?"

"हाईत."

"मग बरं झालं की. आजच द्या. पोच घ्यायला इसरू नका."

मी ते चिंचेनं घासलं. वरचं पितळ निघालं, बूड काळंच राहिलं. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे तुझंच शिकवणं, म्हणून आत दोन मुठी साखर घातली. मावशी आता ऐंशीच्या पुढं आहेत, जाड भिंगाचा चष्मा, खुर्चीतून उठायला वेळ लागतो. मी पातेलं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि काठावरनं बोट फिरवत फिरवत भावाच्या नावापर्यंत आल्या. तिथं बोट थांबलं. मग आत हात घालून साखर बाजूला केली, कल्हईचे गोठलेले थेंब चाचपले.

"जळलंय की गं ह्ये."

"व्हय."

मी तोंड उघडलं होतं, आई, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुझ्या आईच्या हातनं जळलं असंल बघ. लाजंनं लपवलं असंल बिचारीनं. मानी बाई होती. एका शब्दानं सांगायचं हुतं, मी काय खाल्लं असतं व्हय तिला?" पदरानं डोळे पुसले. "जाऊ दे. मी तिला कवाच माफ केलंय. मरताना सुदिक गेलो न्हाय मी तिच्याजवळ, त्येचंच वाईट वाटतंय."

मी हो म्हणून मान हलवली, आई. मान हलवली आणि पोचेचा कागद पुढं केला. त्यांनी चष्मा खाली ओढून सही केली. तो कागद यादीला जोडला आहे. वकील म्हणाले, छान, असंच स्वच्छ काम पाहिजे. सोमवारी कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे, की वर दिलेली सगळी माहिती खरी आहे. यादी खरी आहे, त्यात खोट काढायला काकांना जागा नाही. पण तू गल्लीसमोर ज्या पोरीच्या तोंडाची हमी दिलीस, तिनं तुझ्यावर चोरीचा आळ येऊ दिला होता. आता वर तुला माफीही मिळवून दिली, न केलेल्या गुन्ह्याची.

आणि गंमत बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींची सून दारात, हातात तेच पातेलं, बुडाशी पाच-सहा मुठी चुरमुऱ्यांचं भडंग. "सासूबाईंनी दिलंय. रिकामं पाठवायचं न्हाय म्हनल्या. कल्हई गेलीया म्हणून ओलं काय घातलं न्हाय." मावशींनी स्वतः बसून केलेलं, लसूण भरपूर, तुला आवडायचं तसं. म्हणजे पातेलं परत आपल्या घरात, आणि परत मलाच पोचवायचं आहे. या खेपेला ओट्यावर ठेवून चालणार नाही.

हे पत्र मी तुझ्या मशीनच्या खणात ठेवणार आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी आधी ते भिंतीपलीकडं वाचून दाखवायला हवं. तू विचारशील, मग अडलंय कशात? भडंग संपल्यावर जाईन, असं मी स्वतःला सांगितलं आहे. एका माणसाचं दोन दिवसांचं खाणं ते. आज पाचवा दिवस आहे. मी रोज मोजून मूठभर खाते, आणि पातेल्यात अजून एक मूठ ठेवली आहे.