देवळाच्या बावीचं तांबडं पाणी

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, तेव्हा जमेल आपलं.

पटकी वाडीत शिरली ते वर्ष आठवतंय ना? बाबा मुंबईला बोटीवर. धाकटा सकाळपासून ओकतोय, डोळे आत गेलेत, आणि तू त्याला देवळाच्या बावीचं पाणी पाजतेयस. सगळी वाडी तेच पीत होती. सरकारनं पाठवलेल्या औषधवाल्यानं बाकीच्या बावींत जांभळं औषध टाकलेलं, त्या पाण्याला भिऊन कुणी हात लावीना. देवळाच्या बावीतनं देवीच्या आंघोळीचं पाणी जायचं, म्हणून गुरवकाकांनी त्याला तिथं फिरकू दिलं नव्हतं. तेवढं एकच पाणी चोख राहिलंय, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मला मात्र वेगळंच आठवत होतं. देवळामागं चढणीवर धुण्याचं डबकं होतं, त्याच्या काठच्या जांभ्या दगडात एक भोक होतं. उन्हाळ्यात मी त्यात तोंड घालून ‘माझा नारळ कुठाय’ म्हणून ओरडलो होतो आणि आवाज खाली बावीतनं निघाला होता. गुरवकाका घागर टाकून पळाले, वाडीनं देवीला नारळ दिले. आता पाऊस होऊन डबकं भोकाच्या वर चढलं होतं. शेजारचा तांडेल बोटीवरनं आजारी होऊन आला, वाडीतला पहिला आजारी तोच, आणि त्याच्या गोधड्या त्याची बायको तिथंच धूत होती. जिथनं आवाज जातो तिथनं पाणी जाणार नाही?

तुला हे सांगितल्यावर आधी तू कानाखाली दिलीस. मग धाकट्याच्या तोंडचा तांब्या काढून पाणी ओतून दिलंस आणि औषधवाल्याच्या बावीचं पाणी आणून पेज चढवलीस. गुरवकाकांकडे गेलीस तर ते हसले. या पोराच्या शब्दावर देवीची बाव बंद करू होय, म्हणाले.

जाळी रंगवायला आपण ऐनाच्या झाडाची साल उकळून ठेवली होती. मी म्हटलं, तो हंडा डबक्यात ओत. बाव तांबडी झाली की बसेल विश्वास.

‘म्हणतील, यानंच बावीत टाकलं.’

‘मग मला बांध.’

देवळाच्या खांबाला तू मला सगळ्यांसमोर हात मागं करून बांधलंस आणि हंडा डोक्यावर घेऊन चढण चढलीस. गुरवकाका माझ्या पुढ्यात पाट टाकून बसले. बायका घागर सोडतायत, पाणी नितळच येतंय. घरी आत्या धाकट्याला चमच्यानं पेजेचं पाणी घालतेय, आणि इकडे लोक त्याच बावीचं पाणी घरी नेतायत. मी अंग ताठ केलं, तर उजवा हात दोरीतनं सुटला. आता काकांनी खांबामागं बघितलं तर संपलं सगळं. मी सुटलेल्या हातानं दुसरं मनगट घट्ट धरलं.

‘काय रे, देवी गप्प झाली तुझी?’ काका म्हणाले. म्हणजे नारळाचं त्यांना कळलं होतं.

ऊन उतरल्यावर एक म्हातारी बावीवरनं म्हणाली, ‘काकांनू, ह्या पाण्याला जाळ्याचा वास येतोय.’ काकांनी घागर कलती केली. पाणी तांबूस होतं. रहाटाचा दोर सोडून त्यांनी खांद्यावर टाकला आणि देवळात जाऊन बसले.

धाकटा वाचला. तांडेल गेला, ती बावीवरची म्हातारीही गेली.

तू दर्यावर्द्याची लेक. तुझी गाठ कधी कुणाला सुटलेली मी बघितली नाही, मग तीच कशी सैल पडली? लोक अंगावर आले तर मला पळता यावं म्हणून? तू होतीस तोवर विचारलं नाही, आता हा कागद चुलीत जाईल. मी पळालो नाही, हे तू सगळ्यांना सांगत फिरायचीस.

पण आये, मनात आलं होतं.