तीन नंबरची जागा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली तो खुर्चीत बसूनच घालतो, पण मनाने पुरता आडवा झालो आहे असं समज). तुझा खांदा कसा आहे? डॉक्टरने दिलेले व्यायाम करतेस की त्यांचा तक्ता नुसता भिंतीला चिकटवून ठेवला आहेस? तू, तुझ्या कुंड्या आणि पहाटे पाचला वरच्या मजल्यावर कपाटं सरकवणारे ते गृहस्थ, सगळे खुशाल असोत. आम्ही परवा सहलीहून सुखरूप परत आलो. 'सुखरूप' म्हणजे किती सुखरूप, त्याचा खुलासा पुढे येईलच.

तुला चल चल म्हणून किती विनवलं, पण तुझं उत्तर ठरलेलं: "मी आले की कोणीतरी हरवतं, तुम्हीच जा." हे तू हसत म्हणतेस. अठ्ठावन्न वर्षं हसतच म्हणते आहेस आणि मीही हसून विषय बदलतो. असो. तर चार दिवस आम्ही त्या थीम पार्कात होतो. मी, तुझी भावजय, चिरंजीव, सूनबाई आणि नात (तिचं पाळण्यातलं नाव आता कोणी घेत नाही, भिंगरी म्हटलं तरच वळून बघते). तिथे माणसाला उलटं टांगतात, पाण्यात फेकतात, अंधारात सांगाड्यांच्या अंगावर ढकलतात आणि बाहेर आलं की तेव्हाचा फोटो दाखवतात. माझा फोटो बघून सूनबाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तुझ्या भावजयीने मात्र चार दिवस कशातच पाय ठेवला नाही. लाकडी घोड्यांसमोरच्या बाकावर सगळ्यांच्या पिशव्या, चपला, चष्मे आणि ओले टॉवेल सांभाळत ती बसून होती. कोणी विचारलं की म्हणायची, "मला चक्कर येते, तुम्ही जा." आम्हीही लगेच जात होतो.

शेवटचा दिवस मला लहानपणापासून आवडतही नाही आणि सुटतही नाही. तुला आठवतं ना, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बाबा आपल्याला त्या छोट्या बागेत न्यायचे? तीन लाकडी घोडे (एकाचा कान तुटलेला, तो कायम माझ्या वाट्याला), एक घसरगुंडी आणि तो कुरकुरणारा आकाशपाळणा. प्रत्येकाला एकच फेरी. मग बसमध्ये बसल्यावर बाबांची मोजणी. गोदामात आयुष्य काढलेला माणूस, पोती मोजल्याशिवाय गाडी सोडायची नाही हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. ते स्वतः एक, आई दोन, तू तीन, मी चार. मी कुठेतरी तोंड वासून बघत उभा असायचो, म्हणून मला बोलणी बसू नयेत यासाठी तू माझ्या आवाजात 'चार' ओरडायचीस. इतका हुबेहूब आवाज की मलाच कधी कधी वाटायचं, मी ओरडलो.

ती मोजणी मी अजून चालवतो. वजनमापांच्या खात्यात पस्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले, सवय कुठे जाते? आता बाबांचा एक माझ्याकडे आला आहे. तुझी भावजय दोन, चिरंजीव चार, सूनबाई पाच, भिंगरी सहा. तीन कोणालाच दिलेला नाही. तिथे आम्ही क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. भिंगरीला त्या थांबण्याची इतकी सवय झाली आहे की शाळेत आकडे म्हणतानाही ती दोननंतर श्वास घेते, अशी तक्रार आली होती.

तर परवा दुपारी हॉटेलची खोली सोडली, ओले कपडे पिशव्यांत कोंबले आणि पार्कात शेवटची चक्कर मारली. चिरंजिवाने रिंगा फेकून एक कापडी पाणघोडा जिंकला (भिंगरीहून मोठा, ठेवायचा कुठे ते अजून ठरलेलं नाही). चार वाजता गाडीवाला फाटकाशी येऊन हॉर्न वाजवू लागला. तुझी भावजय तोंड धुऊन येते म्हणाली. मी पुढे बसलो, मागे पिशव्या, पाणघोडा आणि माणसं कोंबली गेली. माझी मान पाण्याच्या घसरगुंडीने दुसऱ्याच दिवशी आखडवली होती, त्यामुळे मागे वळून बघायची सोय नव्हती. मी "एक" म्हणालो. मागून आलं, "दोऽऽन", तुझ्या भावजयीचा तोच दमलेला, लांबवलेला सूर. मग आपलं थांबणं, मग चार, पाच, सहा. मी ऐटीत गाडीवाल्याला म्हणालो, चला, माल बरोबर आहे.

अर्ध्या तासाने मला रक्तदाबाची गोळी हवी होती. ती नेहमी तिच्या पर्समध्ये असते. मी न वळताच हात मागे केला आणि "अगं, गोळी दे" म्हणालो, तर हातात पाणघोड्याचा पाय आला. दुसऱ्यांदा मागितली, पुन्हा पाय. तेव्हा सूनबाईने पाणघोडा बाजूला केला, तर त्यामागे तुझी भावजय नव्हतीच. फोन लावला, तर तो आमच्याच पिशवीत वाजला.

आजीला पिशव्या आवरता आवरता उशीर होतो म्हणून भिंगरी तिचा नंबर ओरडते, हे त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. चिरंजीव तिच्यावर कडाडला, "कोणी सांगितलं होतं तुला तिचा आवाज काढायला?" ताई, शब्द न् शब्द बाबांचा. त्याने तो कधी ऐकलेला नाही, मग तो त्याच्या तोंडात आला कुठून? पोर रडली नाही. नुसती पांढरी पडली आणि हळूच म्हणाली, "माझ्यामुळे हरवली का आजी?" मला एकदम आपली बस आठवली, मला बागेतच ठेवून सुटलेली. बाबांनी तुला मारलेली ती एकुलती एक थप्पड आठवली आणि गाल न चोळता खिडकीबाहेर बघत बसलेली तू. त्या पोरीला काही तरी म्हणायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो.

गाडी उलटी फिरवली. फाटकावरचा पहारेकरी आता आत सोडत नाही म्हणाला, पण भिंगरी त्याच्या हाताखालून निसटली आणि तिच्या मागे आम्ही सगळे, मान वाकडी असलेला मी सर्वांत शेवटी. बाक रिकामा होता. इतक्यात सूनबाईने वर बोट दाखवलं. आकाशपाळण्याच्या अगदी टोकाला तुझी भावजय बसली होती, केस सुटलेले, आणि रुमाल हलवत होती. मला वाटलं, वाचवा म्हणते आहे. खाली आल्यावर कळलं, ती आमच्याकडे बघतच नव्हती, मजेत हलवत होती. तिची ती सहावी फेरी होती.

चिरंजिवाने तोंड उघडायच्या आत तिने भिंगरीला कुशीत घेतलं. म्हणाली, "तिला एक अक्षर बोलायचं नाही. मी हरवले नव्हते, मुद्दाम गेले होते. चार दिवस तुमच्या चपला राखल्या, म्हटलं शेवटच्या दिवशी आपणही बसावं. चूक माझी." झालं, दोन मिनिटांत विषय संपला. पोरीच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि परतीच्या वाटेवर ती आजीच्या मांडीवर झोपून गेली. मी मात्र गोळी मागायची विसरलो. त्या दोन मिनिटांचाच विचार करत होतो.

बाकी सर्व क्षेम. खांद्याला जप, पत्राचं उत्तर धाड.

तुझा,
धाकटा

ता. क. तू दरवर्षी पाठवतेस तो स्वेटर पोचला. अठ्ठावन्न झाले. साय, खिडकीची जागा आणि मोठा वाटा तर तू कधीच देऊन टाकलास. आता पुरे कर. का, ते खाली.

आणखी ता. क. त्या दिवशी मी गर्दीत चुकलो नव्हतो. पाळणेवाला म्हणाला, रिकामाच फिरतोय, बस. मी बसलो. वरून मला आपली बस दिसली, तुम्ही चढताना दिसलात, आणि तू माझा नंबर ओरडशील हे मला माहीत होतं. म्हणूनच मी उतरलो नाही. रडलो तो खाली आल्यावर, बाबांना बघून. तुला मारलेलं समजल्यावर खरं सांगायची छाती झाली नाही, आणि मग स्वेटर येत राहिले. तुझ्यामुळे कोणीही, कधीही हरवलेलं नाही, ताई. तुझ्या भावजयीला जे दोन मिनिटांत जमलं त्याला मला अठ्ठावन्न वर्षं लागली.

शेवटचं. खूप रागावली असशील. पत्रातून रागावू नकोस, येऊन समोर रागाव. पुढच्या सुट्टीचं सहा जणांचं आरक्षण करतो आहे. भिंगरीने कानाला खडा लावला आहे, यापुढे कोणाचाही नंबर ती ओरडणार नाही. तेव्हा तीन तुझा तुलाच म्हणावा लागेल.