रुचिराच्या हातचा गुण

३ फेब्रुवारी, मंगळवार

परत रुचिरा! वॉर्डात पाऊल टाकलं की तेच नाव. आज गुणाबाईंची मुलगी मालू डबा घेऊन आली नि मलाच सांगते, "त्या दुपारच्या सिस्टरच्या हाताला गुण हाय. तिनं गोली दिली का आये हसते." अगं बाई, मॉर्फिनची गोळी तीच, पाणीसुद्धा त्याच नळाचं!

सकाळचं सगळं मी करते. अंग पुसते, वेणी घालते, पोट साफ झालं का विचारते, या गोळ्यांनी फार कोंडतं म्हणून. गुणाबाई उरणची कोळीण, आमच्याच गावाकडची. माझी आईही अशाच कॅन्सरनं गेली. पहिल्या दिवसापासून 'आये' म्हणते मी तिला. तरी माझ्याकडे पाठ. "दुखतंय का गं आये?" — "नाय गो, बरी हाय." की भिंतीकडे तोंड.

५ फेब्रुवारी

दुपारी रेंगाळले मुद्दाम. रुचिरापाशी मात्र आयेच्या गप्पा — जाळं, बाजार, सुकट. जळफळाट झाला नुसता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कळलं गुपित. गरज पडली तर म्हणून डॉक्टरांनी लिहिलेला जादा डोस रुचिरा रोज देते. मग लाडकी होणारच! डॉक्टरांना सांगून टाकलं — माझ्याकडे तर बाई कधीच मागत नाहीत. म्हणाले, "मग सोमवारपासून जादा डोस बंद करून बघू." घरी येताना पळस्प्याला वडा खाल्ला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

८ फेब्रुवारी, रविवार

चादर बदलायला आयेच्या पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला गेले. तिनं उशीचं टोक दातांत धरलं होतं. डोळ्यांतून पाणी.

मी चिडलेच. रुचिराला सांगतेस, मला का नाही?

"ती नर्स हाय गो. तू आये म्हनतेस. लेकीला कसं सांगू? तुजं तोंड उतरतं लगेच."

जादा डोस दिला. श्वास बघत तिथंच बसून राहिले. मग डॉक्टरांना फोन — काही बंद करू नका, माझं चुकलं.

रुचिराच्या वाट्याला तिचं दुखणं येत होतं, माझ्या वाट्याला माया, आणि मी जळत होते!

९ फेब्रुवारी, सोमवार

आज म्हटलं, "गुणाबाई, कुठे दुखतंय तुम्हाला?"

भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं त्यांनी. मग म्हणाल्या, "लय दुकतंय, सिस्टर."