देवापुढची बाटली

अभिनव,

चिठ्ठी तुझ्या कॉम्प्युटरला चिकटवतोय, आई तिथे हात लावत नाही.

एलेनाच्या वडिलांनी इटलीहून पाठवलेली रेड वाईन देवापुढे आहे. आईने विचारलं तेव्हा मी ‘त्यांच्या घरच्या मळ्यातल्या द्राक्षांचा रस’ म्हणून बसलो. सोबतच्या कागदावर मटण किंवा मुरलेल्या चीजबरोबर घ्या असं लिहिलंय. आई मोदक करतेय. आज संकष्टीचा उपास सुनेच्या माहेरच्या रसानेच सोडणार म्हणते.

दोन वर्षं एलेनाला ‘ती मुलगी’ म्हणत आली, आज पहिल्यांदा सून म्हणाली. मग मला खरं सांगवेना. चंद्रोदय नऊ बाराला आहे, त्याआधी तूच सांग.

मी वैजनाथकाकांकडे जातोय. बाटलीबरोबर आलेला बूच काढायचा स्क्रू माझ्या खिशात आहे. माझ्याच्याने तेवढंच झालं.

बाबा