छपराला नकार

हात्सुए,

भात कुकरमध्ये आहे. मुळ्याचं लोणचं मी संपवलं, माफ कर.

स्टुडिओत चाललोय. आज बुरखेधारी निन्जाला किल्ल्याच्या छपरावरून पडायचंय, आणि तो निन्जा मी आहे. माझी कंबर डॉक्टरांनी पाहिलीये, दिग्दर्शकाने नाही. तो म्हणतो, "तोकुजी-सान, तुमच्यासारखं दमून मरणं दुसऱ्या कुणाला जमत नाही." म्हटलं, "साहेब, मेल्यावर तेवढंच जरा आडवं व्हायला मिळतं."

काल आंघोळीनंतर माझ्या किमोनोची उजवी बाजू चुकून वर आली, आपण प्रेताला घालतो तशी. मला वाटलं, तू हसशील. तू तर गाठ सोडलीस, डावी बाजू वर घेतलीस आणि पट्टा इतका आवळलास की श्वास अडकला. पडद्यावर मरून मरून म्हातारा झालो, पण तुला असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा आज छपराला नकार देणार आहे. हवं तर खाली अंगणात मरेन, सावकाश. नकार द्यायची सवय नाही, म्हणून मघाशी दारात उभं राहून "नाही जमणार, साहेब" असं दोनदा म्हणून पाहिलं. तू पांघरुणात जागी होतीस. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं ते तुला ऐकू जावं म्हणूनच.

तोकुजी